हरेशचं प्रदर्शन आणि माझी आरामखुर्ची

हरेशच्या पाठीत चमक भरली तेव्हा बाम घेऊन सगळ्यात आधी धावलो तो मी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे काही झालं त्याचा ठपका आमच्या आळीतले लोक माझ्या स्वभावावर ठेवतात. शहापूर-मुरबाड एसटीनं रोज कचेरीत जाऊन हरेशच्या कमरेचा पार खुळखुळा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, घरी पडून राहा, वाकू नका, ओझं उचलू नका. आता पडून राहिलेल्या सभ्य माणसानं रेडिओ ऐकावा, आढ्याकडे बघावं, बायकोच्या शिव्या खाव्यात. यानं मुलीची रंगपेटी घेतली आणि खिडकीत बसून चित्रं काढायला लागला. मी म्हटलं, काढू दे बिचाऱ्याला, तेवढाच वेळ जाईल. त्याच्या हातातला मुलीचा झडलेला ब्रश बघवेना, म्हणून माझा एक चांगला ब्रशही नेऊन दिला. इतका मूर्खपणा मी पुन्हा कधी केलेला नाही.

मी शहापूरच्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक. तालुक्यात रंगाचं काही काम असेल तर लोक माझ्याकडे येतात. गणपतीच्या मखरामागचा हिमालय माझा. शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा माझा. त्यात श्रीलंका जरा मोठी झालीय, पण ती भिंतीचा पोपडा झाकायला. लग्नाच्या मांडवातली थर्माकोलची अक्षरं, स्नेहसंमेलनातला राजवाडा, पल्स पोलिओचे फलक, सगळं मीच करतो. शेणव्यापासून खर्डीपर्यंत कुणालाही विचारा, 'ड्रॉइंगचे सर' म्हटल्यावर बोट माझ्याच घराकडे दाखवतील. म्हणजे तेव्हा दाखवायचे.

मग त्या बाईंची गाडी पंक्चर झाली. मुंबईच्या बाई, केस बारीक कापलेले, गळ्यात लाकडी मण्यांची माळ, माहुलीचा किल्ला बघायला आल्या होत्या. पंक्चर व्हायचं तर जरा अलीकडे माझ्या दारासमोर व्हायला काय हरकत होती? माझ्या ओटीवर माहुलीचं सूर्योदयाचं चित्र लावलेलं आहे, चांगली काच-बिच घातलेली फ्रेम आहे. पण नाही. गाडी बसली ती हरेशच्या खिडकीखाली. ड्रायव्हर स्टेपनी बदलेपर्यंत बाईंनी चहा घेतला, खिडकीतली चित्रं बघितली आणि म्हणाल्या, ही आपण मुंबईत लावू या. त्या फोर्टातल्या कुठल्याशा कलादालनाच्या मुख्य बाई निघाल्या. मी त्या वेळी घरातच होतो आणि गोधडी पांघरून झोपलो होतो. हे दुःख कुणाला सांगणार?

दिवाळी झाल्यावर हरेश कार्ड घेऊन आला. गुळगुळीत कागद, वर इमारतीचा फोटो. इंग्रजांच्या काळातली दगडी इमारत, कमानी, वर घुमट. खाली छापलं होतं: 'हरेश यांची चित्रे. प्रवेश विनामूल्य.' माझ्या पोटात अशी कळ आली म्हणून सांगू! आडनाव नाही, पद नाही, नुसतं 'हरेश'. मोठ्या माणसांचं असं असतं.

"सर, तुम्ही यायलाच पाहिजे," हरेश म्हणाला. "तुमच्या ब्रशनंच सुरुवात झाली."

"येईन की," मी म्हटलं, आणि चेहरा हसरा ठेवायला गालाला जी कसरत करावी लागली ती माझी मला माहीत.

माझा बेत साधा होता. एकट्यानं गुपचूप जायचं, चित्रांतल्या चुका हेरायच्या, संध्याकाळी परत यायचं आणि आठवडाभर ओट्यावर बसून एकेक चूक सावकाश सांगायची. हरेशला पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं नि लांबचं लहान काढणं, येत नाही याबद्दल माझी खात्री होती. पण कार्ड रंजितानं बघितलं. रंजिता म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "अहो, मी पण येणार. आपल्या आळीतल्या माणसाची चित्रं मुंबईत लागतात म्हणजे काय!" माझा हिमालय मंडळाच्या मांडवात लागला तेव्हा ही बाई प्रसादाच्या रांगेतून थेट घरी आली होती.

रंजितानं बाईजामावशींना सांगितलं. बाईजामावशी म्हणजे आमच्या आळीतलं सगळ्यात जुनं माणूस. बारसं असो की बोअरवेल, त्यांच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय सुरू होत नाही. त्यांनी कार्ड हातात धरून उलटसुलट केलं.

"फुकट हाय?"

"हो मावशी. विनामूल्य," रंजिता म्हणाली.

"मंग मोकल्या हातानं कसं जायचं गो? पयलं कार्य हाय पोराचं. नारल पायजे, हलद-कुकू पायजे, नव्या भाताचं पोहं पायजे."

मी समजावलं, तिथे कार्य नसतं, लोक नुसते येतात, बघतात आणि जातात. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी पंगतीतून न जेवता उठून चाललोय. "नुसतं बगून कोन जातं रे मास्तर?" त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

मग लडकूकाका. ते शेणव्याचे, त्यांची ट्रॅक्स जीप शहापूर-शेणवा रस्त्यावर पळते. त्यांचा फुकट या शब्दावर काडीचा विश्वास नाही. "मास्तर, फुकट बोलवतात ना, ते शेवटी कायतरी गल्यात बांधतात. आमच्या वाशिंदच्या पावन्याला असंच फुकट जेवायला बोलवलं नि पानी साफ करायची मशीन देऊन पाठवलं. तुमी एकले जाऊ नका. मी गाडी काढतो." अशा रीतीनं माझी गुपचूप मोहीम ट्रॅक्सभर झाली, आणि सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की मी ड्रॉइंगचा सर असल्यामुळे तिथे मी सगळ्यांना चित्रं समजावून सांगायची. हरेशची चित्रं! मी!

शाळेत रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, 'चित्रप्रदर्शन पाहणे'. मुख्याध्यापकांनी अर्ज परत केला. "सर, हे कारण बसत नाही. आजारपण लिहा, लग्न लिहा, मयत लिहा. चित्रं बघायला रजा म्हटलं तर वरून विचारणा होते." मी म्हटलं, अहो, मी चित्रकलेचा शिक्षक आहे. ते म्हणाले, मग ते तुमचं कामच झालं, कामासाठी रजा कशी देणार? आणि काम म्हणून पाठवायचं तर मुलांना न्यावं लागेल, मुलांना न्यायचं तर सहलीची परवानगी लागेल, आणि ती येईपर्यंत प्रदर्शन संपेल. शेवटी मी पोटदुखी लिहिली. मनात म्हटलं, खोटं तरी कुठे आहे.

मुंबईला पोचेपर्यंत काय काय झालं ते सांगत नाही. बाईजामावशींना भिवंडीच्या पुढे गाडी लागली, आणि फोर्टात ट्रॅक्स कुठे लावायची यावरून लडकूकाकांनी एका हवालदाराशी इतका वेळ गप्पा मारल्या की तो शेवटी कंटाळून आम्हाला सोडून गेला, एवढंच. इमारत मात्र खरंच भव्य होती. काळा दगड, रुंद लाकडी जिना, त्याला पितळेच्या कड्या. एवढ्या मोठ्या घरात हरेशची चित्रं, हा विचार करकरून मला दम लागत होता. दारावरच्या वॉचमननं आमच्याकडे बघितलं, मग मावशींच्या पिशवीकडे. पिशवीतून नारळाची शेंडी, उदबत्तीचा पुडा आणि समई बाहेर डोकावत होती.

"ये सब अंदर नहीं जायेगा. जलानेका नहीं, फोडनेका नहीं, दीवार को रंग लगानेका नहीं."

"काय बोलतो तो?" मावशींनी विचारलं.

"मावशी, कुंकू लावायचं नाही म्हणतो."

मावशींचा चेहरा उतरला. पोराच्या पहिल्या कार्याला कुंकू नाही, म्हणजे त्यांना ते साफ अपशकुनी वाटलं. हरेशची बायको अंजू वरून धावत आली, तिलाही काही सुचेना. शेवटी बायका वर गेल्या आणि सामानाची राखण माझ्याकडे आली. कोण मी? तर चित्रं समजावून सांगणारा. मी नारळ आणि समई मांडीवर घेऊन जिन्याखाली बाकावर बसलो. चांगले कपडे घातलेले लोक वर जात होते, माझ्याकडे दयेनं बघत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी तर मला नमस्कार केला. लडकूकाका गाडीपाशी थांबले होते, ते आल्यावर मी सामान त्यांच्या हवाली केलं आणि वर गेलो.

आणि चित्रं चांगली होती.

ती वाईट असती तर मी हरेशचं तोंडभरून कौतुक केलं असतं, हार घातला असता. पण एसटीच्या खिडकीतून दिसणारी भाताची खाचरं, शहापूरच्या बाजारात जांभळांच्या पाटीमागे पेंगणारी बाई, पंपाच्या पाण्यात पाय सोडून बसलेली पोरं. इतकी ओळखीची आणि इतकी नवी की बघत राहावं. पर्स्पेक्टिव्ह चुकलं होतं, पण चुकलेलंच छान दिसत होतं. हा तर अन्याय होता. मी आयुष्यभर पट्टीनं रेघा मारल्या!

एवढ्यात लक्ष गेलं की प्रत्येक चित्राखालच्या चिठ्ठीशेजारी एक छोटा लाल ठिपका आहे. त्या कलादालनाच्या बाई लगबगीनं चालल्या होत्या. त्यांना विचारलं, हे काय?

"लाल डॉट म्हणजे सोल्ड!" बाईंचे डोळे चमकत होते. "मी कॅटलॉग आणायला आत गेले आणि इतक्यात जवळजवळ सगळं गेलं. माझ्या असिस्टंटनं लावले असणार, तो जेवायला गेलाय. असं आमच्याकडे कधी झालेलं नाही!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळी विकली! माझं माहुलीचं चित्र मी एकदा नातेवाइकांना लग्नात भेट दिलं होतं, ते त्यांनी पुढच्याच लग्नात आम्हाला परत आहेर केलं. आणि हा कमरेचा पेशंट! हरेश कोपऱ्यात उभा राहून रुमालानं डोळे पुसत होता. मला बघताच त्यानं घट्ट मिठी मारली. "सर, सगळं तुमच्यामुळे." खाली जाऊन पीसीओवरून तो कचेरीत फोन करून आला होता, म्हणजे आता मुरबाडलाही बातमी पोचली होती. माझा चेहरा त्याच्या खांद्यावर होता म्हणून बरं, कुणाला दिसला नाही.

मिठीतून सुटलो आणि शेवटच्या भिंतीकडे वळलो. तिथे मोठं चित्र होतं. एक पडवी, पडवीत आरामखुर्ची, आरामखुर्चीत एक गृहस्थ बनियन-लुंगीवर पसरलेले, पोटावर वर्तमानपत्र, तोंड उघडं. चित्राचं नाव होतं 'रविवार'. मी म्हटलं, कोण हा आळशी माणूस? मग खुर्चीचा मोडका हात ओळखला. मग बनियनचं काखेतलं भोक ओळखलं. तो माणूस मी होतो.

हरेशची खिडकी आमच्या पडवीवर उघडते, हे मला माहीत होतं. पण माणूस झोपला असताना त्याला मुंबईत आणून टांगावं? तेही भोकासकट? आणि त्याहून विचित्र गोष्ट लक्षात आली. एवढ्या सगळ्या चित्रांत ठिपका नव्हता तो या एकाच चित्राला. म्हणजे सगळं शहापूर विकलं गेलं, फक्त मी उरलो. मी घ्यायलाही कुणाला नको! त्या एका क्षणात मी माझ्याच तालुक्यातल्या जांभळांच्या पाटीवर जळलो.

पण हे दुःखही मला नीट करता आलं नाही, कारण पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि चित्र बघून खूश झाले.

"क्या बात है! देखो भाईसाब, कैसा मस्त सोया है. हमारी गद्दे की दुकान है दादर में. बाकी सब बिक गया बोलते हैं, चलो, ये तो बाकी है. शोरूम के काच में टांगेंगे. नीचे लिखेंगे, 'ऐसी नींद और कहाँ!'"

दादर! वाशिंद, आसनगाव, खर्डीची अर्धी माणसं कामाला दादरला उतरतात. आठवड्याभरात शाळेतल्या प्रत्येक मुलाचा बाप मला काचेत झोपलेला बघणार. मी वर्गात स्थिरचित्र शिकवायला उभा राहिलो की मागच्या बाकावरून घोरण्याचा आवाज येणार. मुख्याध्यापक म्हणणार, सर, हे तरी रजेचं कारण म्हणून लिहायचं होतं.

"ये मत लीजिये," मी म्हटलं. "इसमें... इसमें बनियन को भोक है."

"वही तो मजा है!" ते म्हणाले, आणि माझ्याकडे निरखून बघू लागले. "आप भी थोडा वैसेच दिखते हो."

मी तिथून सटकलो. आता काहीही करून या माणसाला दुसरं चित्र घ्यायला लावायचं, पण दुसरी सगळी विकलेली. हताश होऊन मी जांभळांच्या चित्रापाशी उभा राहिलो, ठिपक्याकडे बघत. आणि त्या ठिपक्यात काहीतरी चमकलं. खडा! मी नाक जवळ नेलं. ठिपक्याच्या मधोमध बारीक पांढरा खडा होता. शेजारच्या भाताच्या खाचराचा ठिपका लांबट होता, नागिणीसारखा वळलेला. पुढचा मरून रंगाचा, त्याला सोनेरी कड.

या टिकल्या होत्या. बायकांच्या टिकल्या!

मी अंजूला गाठलं. ती सहज म्हणाली, "हो, आम्हीच लावल्या. कुंकू नाही लावायचं म्हणाला ना तो. मावशी रडकुंडीलाच आल्या, मग रंजितावहिनींच्या पर्समध्ये पाकीट होतं, माझ्याकडेही होतं. भिंत नाही रंगवली, नुसत्या चिकटवल्या."

"आणि माझ्या... त्या रविवारच्या चित्राला का नाही?"

बाईजामावशी मागेच होत्या. "येडा हायस का रे मास्तर? निजल्या मान्साला कुकू लावत नाय! आडव्या मान्साला टिला कवा लावतात, माहीत हाय ना तुला? तू जिता हायस अजून."

मला हसू येत होतं आणि ते मी मोठ्या कष्टानं दाबत होतो. अहाहा! एकही चित्र विकलं गेलेलं नव्हतं. हरेशनं मुरबाडला फोनसुद्धा केला होता! मी खरं सांगतो, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की पहिला पगार झाला तेव्हाही झाला नव्हता. मी चेहरा गंभीर केला, शर्ट खाली ओढला आणि बाईंकडे गेलो. हरेश त्यांच्या शेजारीच उभा होता, तेही बरंच झालं.

"मॅडम," मी दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "एक गैरसमज झालाय. हे तुमचे ठिपके नाहीत. या आमच्या बायकांच्या टिकल्या आहेत. यातलं एकही चित्र विकलं गेलेलं नाही. एकही!"

बाईंनी एक टिकली नखानं उचलली, खडा बघितला आणि खाली बसल्या. हरेशचा चेहरा असा झाला की माझा आनंद मला नीट चघळताच येईना. तो नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहिला. अंजूनं जीभ चावली. मावशी म्हणाल्या, "आमचं कुकू नि याच्यात इकायचं काय आलं गो?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "म्हणजे ही अजून मिळतील?" तो नमस्कार करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचा होता. त्या मघाशी खट्टू होऊन जिन्याकडे निघाल्या होत्या. त्यांच्या मागून आणखी दोघं-तिघं वळले. "ते खाचर मला हवंय." "थांबा, मी आधी विचारलं होतं!" सगळं विकलं म्हणून जे हळहळत होते ते सगळे आता एकमेकांना कोपर मारत पुढे घुसले. बाईंचा असिस्टंट नेमका जेवून आला, तो खरे ठिपके चिकटवत धावू लागला, आणि मी भिंतीला टेकून बघत राहिलो. हे मी केलं होतं. माझ्या तोंडानं, दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात.

"मेरा तो वही पक्का है," गादीवाल्यांचा आवाज आला. "सोनेवाला."

मी धावत शेवटच्या भिंतीपाशी गेलो. गादीवाले बाईंना घेऊन आलेच होते. आणि बघतो तर काय, 'रविवार'च्या चिठ्ठीशेजारी एक टिकली. साधी, गोल, लाल. मघाशी ती नव्हती, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

"ही पण टिकलीच," बाई हसून म्हणाल्या आणि ती काढायला नख पुढे केलं.

"ती नका काढू," रंजिता म्हणाली. ती खांबाशेजारी उभी होती. "ती खरी आहे."

"खरी म्हणजे?"

"तुम्ही मघाशी ह्यांना सांगत होतात ना, लाल ठिपका म्हणजे गेलं? मी ऐकलं. हे गेलं. मी घेतलंय."

गादीवाले हात जोडून म्हणाले, "बहेनजी, आप दूसरा ले लो. ये हमारे धंदे का है."

"धंद्याचं नाही," रंजिता म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं आहे." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळं दालन आधी चित्राकडे आणि मग माझ्याकडे वळलं. मी पोट आत घेतलं, पण उशीर झाला होता. शरमेनं मान खाली घालणार तोच माझं रंजिताच्या कपाळाकडे लक्ष गेलं. कपाळ मोकळं होतं. लग्न झाल्यापासून तिचं कपाळ मी तसं कधी बघितलेलं नव्हतं. पाकिटातल्या सगळ्या टिकल्या हरेशच्या चित्रांना गेल्या होत्या. माझ्यासाठी उरली ती तिनं कपाळावरची काढून दिली.

हरेश म्हणाला, "वहिनी, घेऊन जा. त्याचं मी काही घेणार नाही." बाई म्हणाल्या, प्रदर्शन संपेपर्यंत चित्र भिंतीवर राहतं, असा नियम आहे. रंजिता म्हणाली, नियम असेल, पण तोवर ह्यांना इथे एकटं टांगून ठेवायचं नाही. शेवटी चित्र कागदात गुंडाळलं. खाली वॉचमननं अडवलं, माल बाहेर न्यायचा पास दाखवा. पास आणायला हरेश वर, सही आणायला पुन्हा वर, आणि मालाची ओळख पटवायला कागद सोडून आत काय आहे ते बघणं. त्यानं आत बघितलं, मला बघितलं आणि पास न वाचताच जाऊ दिलं.

ट्रॅक्समध्ये बसल्यावर बाईजामावशींचं लक्ष गेलं आणि त्या रंजितावर कडाडल्या. "मोकल्या कपालानं फिरतं का कोन? नवरा जिता हाय ना तुजा?" त्यांनी पिशवीतून करंडा काढला आणि तिच्या कपाळावर बोटभर कुंकू लावलं. लडकूकाका म्हणाले, "मी बोललो नव्हतो मास्तर? फुकट बोलवलं नि गल्यात बांधलंच की नाय!" मांडीवर मी, कागदात गुंडाळलेला, कोपरे टोचत होते.

भिवंडी मागे पडल्यावर मी हळूच रंजिताला विचारलं, "अगं, घरात मी रोज असाच झोपलेला असतो. चित्र कशाला हवं होतं?"

ती बाहेर बघत म्हणाली, "चित्र नको होतं मला. पण गादीच्या दुकानात दिवसभर बायका येणार, गाद्यांवर बसून बघणार, उठून बघणार. त्यांनी का बघायचं तुम्हाला असं झोपलेलं? ते भोकसुद्धा माझ्याकडूनच शिवायचं राहिलंय."

मी हरेशवर जळलो, त्याच्या चित्रांवर जळलो, एका पंक्चर झालेल्या गाडीवर जळलो. पण माझ्यापायी कुणी जळेल, तेही दादरच्या अनोळखी बायकांवर, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी कागद जरा फाडून आतल्या माणसाकडे पुन्हा एकदा बघितलं. चांगला दिसत होता तो. सुखी दिसत होता.

हरेशही आमच्याबरोबरच परत निघाला होता, पुढच्या सीटवर कमरेमागे उशी घेऊन बसला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हरेश, चित्र बरं झालंय रे. फक्त पोट जरा जास्त काढलंस."

त्यानं मागे वळून बघितलं. "नाही सर," तो नम्रपणे म्हणाला, "पोट मी कमी करून काढलंय."